डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी': उचलेगिरी की कारागिरी?

सा-रे-गप्प

मागच्या आठवड्यात इथे 'हिंदी सिनेमातली ढापलेली गाणी' हा दरवर्षी उगवणारा धागा पुन्हा वर आला होता. त्यात कुणीसं ठोकून दिलं की परदेशातले लोक निदान स्वतःच्या डोक्यातून काही काढतात तरी. तिथेच उत्तर द्यायचं होतं, पण तोवर धागा राजकारणावर घसरला होता (परंपरा!). म्हणून हा वेगळा काढतोय.

विषय: डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा दुसरा स्टुडिओ अल्बम, 'डिस्कव्हरी', २००१.

ज्यांना ही मंडळी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. तोमा बांगाल्तेर आणि गी-मॅन्युएल द ओमेम-क्रिस्तो, दोघे पॅरिसचे. १९८७ साली शाळेत गट्टी जमली. आधी एका मित्राबरोबर डार्लिन नावाचा गिटारवाला बँड काढला. 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांचं वाजवणं 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून निकालात काढलं, तर यांनी तेच नाव लावून घेतलं. (तिसरा मित्र पुढे फिनिक्स या बँडमध्ये गेला आणि त्याचंही भलं झालं.) १९९७ साली 'होमवर्क' आला. खरोखरच घरच्या खोलीत केलेला. कोरडा, खरखरीत, ड्रम मशीनवर उभा. 'डा फंक' आणि 'अराउंड द वर्ल्ड' त्यातलेच. क्लबवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

मग दोनेक वर्षं दोघे घरच्या स्टुडिओत बसले आणि नोव्हेंबर २००० मध्ये 'वन मोअर टाइम' बाहेर सोडलं. ब्रासचा (म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा) झगमगाट, ऑटो-ट्यून या सूर दुरुस्त करणाऱ्या यंत्रात बुडवलेला आवाज, आणि गाण्याच्या ऐन मध्यावर तालच गायब. नाचायला आलेल्या माणसाला जवळपास दोन मिनिटं नुसतं उभं करून ठेवणारं नाचगाणं! 'होमवर्क'वर जीव टाकणाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. बाकीच्या जगाला आवडलं. फ्रान्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, ब्रिटनमध्ये दुसऱ्या.

आता मुद्द्याचं. या अल्बममधलं काय कुठून आलंय ते बघा. 'वन मोअर टाइम'मधला तो ब्रासचा तुकडा एडी जॉन्सच्या 'मोअर स्पेल ऑन यू'मधला, साल १९७९. 'डिजिटल लव्ह'चा पाया जॉर्ज ड्यूकच्या 'आय लव्ह यू मोअर'चा, १९७९. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' एडविन बर्डसाँगच्या 'कोला बॉटल बेबी'वर उभं, तेही १९७९. 'सुपरहीरोज'मध्ये बॅरी मॅनिलो, पुन्हा १९७९. 'क्रेसेंडॉल्स'मध्ये द इंपीरियल्स, १९७७. 'एरोडायनॅमिक'मध्ये सिस्टर स्लेज, १९८२.

तोमाचा जन्म जानेवारी १९७५चा, गी-मॅन्युएलचा फेब्रुवारी १९७४चा. हिशेब तुम्हीच करा. ही सगळी त्यांच्या बालवाडी ते तिसरी-चौथीच्या काळातली गाणी. बांगाल्तेरने त्या वेळच्या मुलाखतींत सांगितलंच होतं की अल्बमचा संबंध लहानपणाशी आहे. त्या वयात एखादं गाणं आवडलं की आवडलं. ते भारी अभिरुचीचं की फुटकळ, हा प्रश्न डोक्यात येत नाही. २००१ साली बॅरी मॅनिलो आवडतो असं कबूल करणं म्हणजे चारचौघांत हसं करून घेणं होतं. या दोघांनी तो सरळ आपल्या अल्बममध्ये घेऊन टाकला.

माझं मत असं की हा सुटा केलेला डिस्को आहे. आख्खं गाणं न घेता त्यातले दोन-चार सेकंद घ्यायचे, आणि तेही असे की मूळ गाणाऱ्याचंसुद्धा त्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नसेल. ही कारागिरी मला कमी दर्जाची वाटत नाही. पण कारागिरी आहे म्हणून मूळवाल्याचं नाव आणि पैसे सुटत नाहीत, आणि या अल्बमचा इतिहास त्या बाबतीत स्वच्छ नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात का, यावर बोलूया.

मंदसप्तक

वा! वाचनखूण साठवली आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.

बंडूनाना

घ्या. म्हणजे आमच्या बप्पीदांनी केलं की चोरी, आणि पॅरिसच्या पोरांनी हेल्मेट घालून केलं की कारागिरी. शेजाऱ्याच्या बागेतली फुलं तोडून देवाला वाहिली तर पुण्य कुणाला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तरी धाग्यातली मूळ गाणी एकेक ऐकली. 'आय लव्ह यू मोअर' सुरू होतं आणि 'डिजिटल लव्ह'च सुरू झालं असं वाटतं. दोन-चार सेकंद कसले, सगळी ओळख त्या तुकड्यातच आहे की!

रेकॉर्डवाला

नाना, 'डिजिटल लव्ह'पुरतं तुमचं म्हणणं मान्य. तो तुकडा अख्ख्या गाण्याचा चेहरा आहे. म्हणूनच अल्बमच्या पुस्तिकेत जॉर्ज ड्यूकचं नाव आहे, गीतकार-संगीतकारांच्या यादीतही आहे. बर्डसाँगचंही तसंच. पुढे २००७ साली कान्ये वेस्ट या अमेरिकी रॅपरने 'हार्डर, बेटर...' उचलून 'स्ट्राँगर' केलं, तेव्हा बर्डसाँगचं नाव तिथेही गेलं. १९७९चं फारसं कुणाला ठाऊक नसलेलं एक फंक गाणं तीन दशकांनी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर! बर्डसाँग २०१९ साली गेले, त्याआधी हे सगळं त्यांना बघायला मिळालं.

पण 'हार्डर, बेटर...' नीट ऐका. बर्डसाँगचा तुकडा आहे की-बोर्ड आणि बासचा. त्यावर यांनी काय केलं? सुरुवातीला शब्द सुटे सुटे टाकले, एका तालचक्रात एकच. मग जवळ आणले. मग ओळी झाल्या. आणि शेवटच्या दीडेक मिनिटात तो यंत्रातून काढलेला आवाज अक्षरशः ताना घ्यायला लागतो. शब्द तेच, पण स्वर वरखाली पळतायत, मध्येच तुटतायत, अर्थ गळून गेलाय. हे 'कोला बॉटल बेबी'त कुठेही नाही. मी तबला शिकलेला माणूस आहे, मला तो भाग सरळ सरळ कायदा-पलट्यासारखा ऐकू येतो. मर्यादित बोल घ्या आणि त्यांच्याच जागा बदलत राहा.

आणखी एक. जे सॅम्पल (म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून कापून घेतलेला तुकडा) वाटतं ते सगळं सॅम्पल नाहीच. गी-मॅन्युएलच्या म्हणण्याप्रमाणे त्यातलं जवळजवळ निम्मं यांनी स्वतः वाजवलेलं आहे. आधी वाजवायचं, मग दुसऱ्याच कुणाची जुनी तबकडी असावी तसं कापायचं. 'डिजिटल लव्ह'च्या मध्यात जो इलेक्ट्रिक पियानो येतो तो वुर्लिट्झर आहे, सुपरट्रॅम्पच्या आठवणीने वाजवलेला. आणि 'एरोडायनॅमिक'मध्ये घंटा वाजून झाल्यावर जे गिटार सुटतं ते ऐकून माझ्या मेटलवाल्या मित्रांनी एकमेकांकडे बघितलं होतं. डान्सच्या अल्बममध्ये दोन्ही हातांनी तारा ठोकून वाजवलेला, व्हॅन हेलन छापाचा सोलो! आणि तो संपल्यावर ती चाल सिंथवर चढते आणि बाखच्या गल्लीत शिरल्यासारखी वाटते.

खडूस मांजर

कायदा-पलटे! आता घराणं पण सांगा. 😼

रेकॉर्डवाला

घराणं पॅरिस, गायकी न्यू जर्सी.

जर्सीची जाई

हाक मारलीत म्हणून आले. :)

हे खरंच कुणाच्या लक्षात येत नाही. 'डिस्कव्हरी'वर गाणारे दोन्ही पाहुणे आमच्याकडचे. 'वन मोअर टाइम' आणि शेवटचं दहा मिनिटांचं 'टू लाँग' गाणारा रोमँथनी, म्हणजे अँथनी मूर, न्यू जर्सीचा. 'फेस टू फेस' गाणारा आणि त्यात बरोबरीने काम केलेला टॉड एडवर्ड्सही न्यू जर्सीचा. दोघेही हाउस या क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतातले मुरलेले लोक, पण इथल्या रस्त्यावर कुणी ओळखणार नाही असे. ही पॅरिसची पोरं त्यांच्या रेकॉर्ड ऐकून मोठी झाली होती, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं.

टॉडची पद्धत एकदम वेगळी. तो लांब तुकडा घेतच नाही. कुणाचा अर्धा श्वास, कुणाचा 'आ', गिटारची एक टणत्कार, असे बारीक बारीक कण जुळवून नवीन चाल करतो. 'फेस टू फेस'मध्ये इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचं 'ईव्हिल वुमन' आहे असं सांगून नवऱ्याला ऐकवलं. त्याने तीनदा ऐकलं आणि 'तू काहीही फेकतेस' म्हणाला. नाना, याला काय म्हणाल? फूल नाही, परागकण आहे हा. त्याची पण वर्गणी द्यायची का?

हे गाणं अमेरिकेत २००४ साली क्लब यादीत पहिलं आलं, अल्बम निघून तीन वर्षं झाल्यावर. तरी टॉडला पुढे बराच काळ पोटापाण्यासाठी एका फोन कंपनीत ग्राहकसेवेची नोकरी करावी लागली. २०१३च्या 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज'साठी या दोघांनी त्याला परत बोलावलं आणि त्याच्या घरी ग्रॅमी आलं. रोमँथनीला ते बघायला मिळालं नाही. तो त्याच वर्षी मे महिन्यात गेला, अल्बम बाजारात आला त्याच्या आगेमागेच.

त्याच्या आवाजाला ऑटो-ट्यून लावलं म्हणून २००० साली फार ओरड झाली होती. ज्याला खरंच गाता येतं त्याला यंत्रात का घालता, म्हणून. पण त्यांना त्याचा सूर दुरुस्त करायचाच नव्हता. यंत्राचा वाद्य म्हणून वापर होता तो. बांगाल्तेरने तेव्हा दिलेलं उत्तर मला पटतं: फ्रान्समध्ये सत्तरीच्या शेवटी वादकांनी सिंथेसायझरवरच बंदी मागितली होती, ही त्यातलीच गत. 'टू लाँग' मात्र मला अजूनही दहा मिनिटं लांबच वाटतं, जर्सीचा अभिमान बाजूला ठेवून सांगते.

लियॉनकर

बंडूनाना, बप्पीदांचं नाव तुम्ही काढलंत आणि माझी चांदी झाली. बसून घ्या.

तोमा बांगाल्तेरचे वडील कोण? दानिएल बांगाल्तेर, व्यवसायातलं नाव दानिएल व्हांगार्द. सत्तरीच्या शेवटी फ्रान्समध्ये डिस्कोचा जो कारखाना चालला होता त्यातले मोठे निर्माते-गीतकार. ओटावान या जोडीचं 'डी. आय. एस. सी. ओ.' त्यांनी ज्याँ क्लुजेर यांच्याबरोबर लिहिलेलं, साल पुन्हा १९७९. 'हँड्स अप'ही त्यांचंच. इकडे आजही लग्नात रात्री बाराच्या पुढे ही गाणी लागतातच, आजी-आजोबांसकट सगळे उठतात.

त्याच ओटावानचं १९८०चं एक गाणं आहे, 'ते ओके'. आत्ता ऐका. मी थांबतो.

ऐकलंत? 'जिमी जिमी जिमी, आजा आजा आजा'. 'डिस्को डान्सर', १९८२.

म्हणजे ज्या माणसाची चाल बप्पीदांनी उचलून मिथुनला दिली, त्याच माणसाच्या मुलाने पुढे दुसऱ्यांच्या डिस्कोचे तुकडे कापून 'डिस्कव्हरी' केला. मुलगा सात वर्षांचा असताना बापाची चाल मुंबईत पोचली होती!

खडूस मांजर

काय सांगता!!! मी आयुष्यभर जिमी जिमीवर नाचलोय आणि तो डाफ्ट पंकचा सावत्र भाऊ निघाला?

मंदसप्तक

धागा वसूल.

बंडूनाना

लियॉनकर, हे भारी आहे. पण यातून सिद्ध काय होतं? माझंच म्हणणं की! व्हांगार्दना 'डिस्को डान्सर'च्या श्रेयनामावलीत कुठे जागा नाही, आणि 'डिस्कव्हरी'च्या पुस्तिकेत एडी जॉन्सला नाही. दोन्हीकडे हिशेब तोच. मग एकाला चोर आणि दुसऱ्याला द्रष्टा का म्हणायचं?

आणि बप्पीदांची पुढची गोष्टही सांगतो. १९८१च्या 'ज्योती' सिनेमात त्यांचं गाणं आहे, 'थोडा रेशम लगता है', लताबाईंचं. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाण्यात ते न विचारता घातलं. बप्पीदा लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेले आणि २००३ साली कोर्टाने बजावलं की यांचं नाव घातल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. म्हणजे 'जिमी जिमी'वाला माणूस अमेरिकेत जाऊन श्रेय वसूल करून आला. मला तर आवडलं बुवा.

कलम ४२०

वकील आहे, म्हणून दोन शब्द. (फी नाही.)

इथे दोन वेगळे हक्क एकत्र कालवले जातायत. एक चालीचा हक्क, म्हणजे रचनेचा. दुसरा रेकॉर्डिंगचा, म्हणजे स्टुडिओत टिपलेल्या त्या विशिष्ट ध्वनीचा. 'जिमी जिमी'मध्ये ओटावानच्या टेपला कुणी हात लावलेला नाही. मुंबईत नव्याने वाद्यं बसवली, नव्याने गाऊन घेतलं. उचलली ती चाल. 'वन मोअर टाइम'मध्ये उलट. चाल, शब्द, गायक नवे, पण एडी जॉन्सच्या रेकॉर्डिंगचा प्रत्यक्ष तुकडा आत बसलाय. सॅम्पल घेतलं की सहसा दोन्ही दारं ठोठवावी लागतात.

१९९१ साली न्यूयॉर्कमध्ये बिझ मार्की या रॅपरवर खटला झाला. त्याने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न घेता वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. तेव्हापासून अमेरिकेत सॅम्पलचा मामला महागडा झाला. म्हणजे २००१ साली 'आम्हाला नियम माहीत नव्हते' असं कुणालाच म्हणता येत नव्हतं. डाफ्ट पंकने ड्यूक, बर्डसाँग, मॅनिलो, इंपीरियल्स यांची नावं पुस्तिकेत रीतसर छापलीच आहेत.

एडी जॉन्सचं काय झालं ते सांगतो, कारण वर कुणी पूर्ण लिहिलं नाही. २०२१ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्यांना शोधून काढलं. हा मूळचा लायबेरियाचा गायक. फ्रान्समध्ये तो एक अल्बम केला, नंतर अमेरिकेत आला, आणि लॉस एंजेलिसमध्ये कित्येक वर्षं बेघर होता. शतकातलं सर्वांत गाजलेलं नाचगाणं ज्याच्या तुकड्यावर उभं आहे त्याला एक पैसा मिळालेला नव्हता. डाफ्ट पंकच्या बाजूने सांगण्यात आलं की मानधन नियमितपणे फ्रान्समधल्या एका कंपनीला जातं, तिच्याकडे त्या रेकॉर्डचे हक्क आहेत. त्या कंपनीचं म्हणणं, जॉन्स कुठे आहेत ते सापडत नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने डाफ्ट पंकचं पारडं जड आहे हे वकील म्हणून सांगतो. माणूस म्हणून विचाराल तर बातमीदाराला जो सापडतो तो हक्कदार कंपनीला वीस वर्षं सापडत नाही हे पचायला अवघड आहे.

सा-रे-गप्प

४२०, आभारी आहे, याच माहितीची वाट बघत होतो. लियॉनकरांचं 'ते ओके' मला खरंच माहीत नव्हतं. कालपासून घरात दोन्ही आलटून पालटून वाजतंय. बायको म्हणते, एक काहीतरी ठरव.

नाना, 'द्रष्टा' मी म्हटलेलं नाही हो. कारागीर म्हटलंय. फरक विचाराल तर: 'जिमी जिमी' ऐकताना मूळ गाणं ठाऊक असेल तर नवल उरत नाही. 'वन मोअर टाइम'चं मूळ ऐकल्यावर नवल वाढतं, कारण तो तुकडा सरळ घेतलेलाच नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे कण कापून, त्यांचा क्रम बदलून ती ओळ बनवली आहे. पण हे माझ्या कानाचं बोलणं झालं. जॉन्सच्या भाड्याला त्याचा उपयोग नाही, हेही खरंच.

तिखट मीठ

सगळे कोर्टात गेलात, कुणी अल्बमवर बोलेल का?

मी 'होमवर्क' पार्टी. 'डिस्कव्हरी' मला अति गोड लागतो. पहिली चार गाणी मान्य, त्या चार गाण्यांची बरोबरी करायला कुणाचाही जन्म जाईल. पण पुढे? 'नाइटव्हिजन' म्हणजे दोन मिनिटांची डुलकी. 'हाय लाइफ' सुरू होतं आणि तिथेच गोल फिरत राहतं. 'शॉर्ट सर्किट' अर्ध्यात खरंच जळतं. 'होमवर्क'मध्ये 'रोलिन अँड स्क्रॅचिन' ऐकताना दात कडकड वाजायचे, ती धार कुठे गेली?

आणि मी एकटी नाही. पिचफोर्क या अमेरिकी संगीतसमीक्षेच्या साइटने तेव्हा १० पैकी ६.४ दिले होते. मग २०२१ साली सगळे गहिवरले आणि त्याच पिचफोर्कने गुण बदलून १० केले. रिचेकिंगला टाकून एवढे गुण वाढलेले मी बोर्डातसुद्धा बघितले नाहीत.

रेकॉर्डवाला

तिखट मीठ, 'शॉर्ट सर्किट'वर अन्याय करताय. पूर्वार्धात ते ऐंशीच्या दशकातलं उड्या मारणारं इलेक्ट्रो आहे आणि मध्यावर ते खरंच बिघडतं. ध्वनीची पातळी उतरत जाते, आवाज चुरमुरतो, रंग विटतात. यंत्र मरताना ऐकू यावं असं केलंय. 'डुलकी' मात्र मान्य, पण 'क्रेसेंडॉल्स'च्या आरडाओरड्यानंतर ती लागते. क्रमाने ऐका, मोबाइलवर उलटसुलट लावून ऐकू नका. 'समथिंग अबाउट अस'पासून 'व्हॉयेजर', 'व्हेरिडिस को' असं ऐकत गेलात की अल्बमचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा शांतपणे पुढे निघून जातो. 'व्हॉयेजर'मधली बास तर अशी आहे की मी सिंथ विकत घेतला तो तिच्यापायी.

धार गेली कारण त्यांनी ती जाणूनबुजून बोथट केली. 'होमवर्क' क्लबच्या स्पीकरसाठी होता, हा घरच्या रेडिओसाठी आहे. अल्बममधली कितीतरी गाणी चार मिनिटांत आटोपतात ती उगाच नाही.

अवांतर: 'होमवर्क' आणि 'डिस्कव्हरी' दोन्हींचं मास्टरिंग (म्हणजे ध्वनीवरचा शेवटचा हात) लंडनच्या द एक्स्चेंज स्टुडिओत नीलेश पटेल यांनी केलेलं आहे. पुस्तिकेत 'निल्झ' वाचून मला कुणी जर्मन वाटला होता. आपला माणूस. २०११ साली गेले.

आईचा ब्लॉग नाही

मी या संगीतातली अजिबात जाणकार नाही. लेकामुळे इथे पोचले. तो सहा वर्षांचा आहे आणि रोज 'निळी माणसं' लावायचा हट्ट करतो. म्हणजे 'इंटरस्टेला ५५५५', २००३चा जपानी अ‍ॅनिमेशनपट. अख्खा 'डिस्कव्हरी' सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजतो आणि त्यावर चित्रं, संवाद एकही नाही. तोएई अ‍ॅनिमेशनचं काम, देखरेख लेइजी मात्सुमोतो यांची. मात्सुमोतोंचा 'कॅप्टन हार्लॉक' फ्रान्समध्ये 'आल्बातोर' नावाने टीव्हीवर लागायचा. ही दोन पोरं तो बघत वाढली, म्हणून मोठेपणी अल्बम घेऊन थेट जपानला त्यांच्याकडे गेली. (लियॉनकर, खरं ना?)

पण तुमची चर्चा वाचताना मला त्या सिनेमाची गोष्टच वेगळी दिसायला लागली. गोष्ट काय आहे? दूरच्या ग्रहावरचा एक निळ्या कातडीचा बँड. एक दुष्ट निर्माता त्यांना पळवून पृथ्वीवर आणतो, त्यांच्या आठवणी पुसून टाकतो, कातडी माणसांसारखी रंगवतो, 'द क्रेसेंडॉल्स' असं नवं नाव देतो आणि त्यांचं गाणं विकून गब्बर होतो. त्यांना स्वतःलाच आपण कोण ते आठवत नाही. शेवटी त्यांची खरी ओळख जगासमोर येते आणि ते घरी परत जातात.

आणि या गोष्टीच्या पहिल्याच प्रसंगात, निळी मंडळी आपल्या ग्रहावर मजेत वाजवत असतात तेव्हा गाणं कुठलं चालू असतं? 'वन मोअर टाइम'. एडी जॉन्सवालं! कलाकाराचं नाव पुसून त्याचं संगीत विकणाऱ्या खलनायकाच्या सिनेमाला ज्याचं नाव पुस्तिकेत नाही अशा माणसाच्या रेकॉर्डिंगवर सुरुवात होते. मुद्दाम केलं म्हणत नाही मी. पण एकदा दिसल्यावर ते डोळ्यांआड होत नाही.

कलम ४२०

ताई, वीस वर्षं वकिली केली, असा युक्तिवाद मला सुचला नसता.

लियॉनकर

ताई, 'आल्बातोर' अगदी खरं. माझ्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या आसपासच्या लोकांसमोर नुसतं नाव घ्या, सगळे शीर्षकगीत गायला लागतात. ती सगळी पिढी जपानी कार्टून, अमेरिकी डिस्को आणि फ्रेंच टीव्ही या खिचडीवर वाढलेली. 'डिस्कव्हरी' त्यांच्या बैठकीच्या खोलीतून निघालेला अल्बम आहे. न्यू जर्सीचे गायक आणि टोकियोची चित्रं घेतली असली तरी मला तो फार फ्रेंच वाटतो. सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातही दाखवला होता, २००३ साली.

जर्सीची जाई

इंटरस्टेला डिसेंबर २०२४ मध्ये एक दिवसासाठी परत थिएटरात लावला होता. आम्ही गेलो होतो. अर्ध्या थिएटरने हेल्मेटं घातली होती. मागच्यांना पडदा दिसेना म्हणून 'हेल्मेटं काढा' असा गलका झाला.

खडूस मांजर

ते हेल्मेटचं नक्की काय प्रकरण आहे? चेहरे बरे नव्हते का?

सा-रे-गप्प

चेहरे छान आहेत. 'होमवर्क'च्या वेळीही ते मुखवटे वगैरे घालायचे, पण यंत्रमानव झाले ते 'डिस्कव्हरी'च्या वेळी. अधिकृत कथा अशी: ९ सप्टेंबर १९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओतल्या सॅम्पलरचा स्फोट झाला, शुद्धीवर आलो तेव्हा आम्ही रोबो होतो. मग २१ वर्षं तेच. २२ फेब्रुवारी २०२१ ला दुकान बंद केल्याचा व्हिडिओ टाकला, त्यातही हेल्मेटच.

सीडीबरोबर प्लॅस्टिकचं एक सभासद कार्डही यायचं, त्यावरच्या क्रमांकाने डाफ्ट क्लब नावाच्या साइटवर आणखी गाणी उतरवता यायची. २००१ साली! तेव्हा आमच्याकडे फोनलाइनवर इंटरनेट, एक गाणं उतरायला संध्याकाळ जायची आणि मध्येच आत्याचा फोन आला की सगळं पहिल्यापासून.

तिखट मीठ

आत्याचा फोन. =))

बरं, रेकॉर्डवाल्यांच्या सांगण्यावरून काल क्रमाने ऐकला, चांगल्या हेडफोनवर. 'शॉर्ट सर्किट'ला एक गुण वाढवून देते. 'हाय लाइफ'चा निकाल कायम.

बंडूनाना

मीही ऐकला. 'समथिंग अबाउट अस' चार वेळा. गोड गाणं आहे, आणि विशेष म्हणजे त्यात कुणाकडून काही घेतल्याचं तुमच्यापैकी कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे येतं की पोरांना!

एक सूचना. पुढच्या वेळी 'जिमी जिमी' लावाल तेव्हा व्हांगार्द यांचं नाव घ्या आणि 'वन मोअर टाइम' लावाल तेव्हा एडी जॉन्स यांचं. सोसायटीच्या गणपतीत मी माइकवरून घेणार आहे, डीजेला सांगून ठेवलंय.

मंदसप्तक

नाना, व्हिडिओ टाका त्याचा.

सा-रे-गप्प, आता तिसऱ्या अल्बमवर पण येऊ द्या. 'ह्यूमन आफ्टर ऑल' दीड महिन्यात उरकला होता म्हणे, तिथे भांडायला जास्त मजा येईल.

सा-रे-गप्प

तो अल्बम मला आवडतो हे आधीच सांगून ठेवतो. नवीन धागा रविवारी.